‘माझ्यानंतर या मांजरांचं काय?’ : एका साध्या प्रश्नाचा इतिहास

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. वय ७४, काका जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा परदेशात. घरात दोन मांजरं. अकरा वर्षांची मनी आणि चार वर्षांचा गुंड्या. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि त्या धास्तीने त्यांनी मृत्युपत्राचा विषय काढला होता. मला म्हणाल्या, ‘‘तू पीएचडी करतेस ना? मग एक सांग. फ्लॅट मुलाला, दागिने सुनेला, हे मला कळतं. पण या दोघांच्या नावाने पाच लाखांची एफडी ठेवता येईल का?’’

डोंबिवलीत ‘पीएचडी करते’ म्हटलं की लोक इन्कम टॅक्सपासून मायग्रेनपर्यंत काहीही विचारतात, हे तुमच्यातल्या काहींना लवकरच कळेल. मी मूळची प्राणिशास्त्राची, कायद्याची नाही. तरी चटकन उत्तर देऊन मोकळी झाले, ‘‘ठेवता येईल की! मृत्युपत्रात लिहून टाका.’’

हे उत्तर चुकीचं होतं. किती चुकीचं, ते शोधायला मला तीन आठवडे लागले. हा लेख त्या तीन आठवड्यांचा आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हा मंडळींना तो उपयोगी पडेल असं वाटतं, कारण रोजच्या जगण्यातल्या प्रश्नातून संशोधनाचा प्रश्न कसा घडतो, ते यात दिसेल.

आधी प्रश्न फोडा

‘मांजरांसाठी मृत्युपत्रात तरतूद करता येते का?’ हा एक प्रश्न दिसतो, पण आत चार आहेत. मांजर पैशाचं मालक होऊ शकतं का? नसेल, तर दुसऱ्या कुणाकडे मांजरासाठी पैसे ठेवता येतात का? ठेवले, तर ते मांजरावरच खर्च होतात की नाही हे कोण बघणार? आणि आपल्याकडे असं पूर्वी कुणी केलंय का? पहिले तीन कायद्याचे, चौथा इतिहासाचा. मी चौथ्यापासून सुरुवात केली, कारण कायदा जसा आहे तसा का आहे, हे इतिहासाशिवाय कळत नाही.

१८३२ : कुत्र्यांवरून पेटलेली मुंबई

आपल्या भागात मुक्या प्राण्यांसाठी पैसे बाजूला ठेवण्याची मोठी, कागदोपत्री सापडणारी गोष्ट मांजरांपासून सुरू होत नाही. ती कुत्र्यांपासून सुरू होते. कंपनी सरकारच्या काळात मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं. जिथे बक्षीस तिथे हाव आलीच. जून १८३२ मध्ये फोर्ट भागात या कुत्रेमारीविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, अंत्यविधीतल्या ‘सगदीद’मध्ये मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. दुसऱ्या दिवशी इतर समाजातले लोकही सामील झाले, बाजार बंद पडला, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली आणि सैन्य बोलवावं लागलं. इतिहासकार जेसी पालसेतिया यांनी या दंगलीवर सविस्तर लिहिलंय. त्यांच्या मांडणीत हा प्रसंग फक्त कुत्र्यांचा राहत नाही. शहरात शब्द कुणाचा चालणार, सरकारचा की शेठियांचा, असाही तो प्रश्न होतो.

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वर भागात मुंबई पांजरपोळ उभा केला. भटक्या, म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या जनावरांसाठी जागा. त्याचा खर्च भागवायला व्यापाऱ्यांनी आपल्याच मालाच्या उलाढालीवर ठरावीक लाग बसवून घेतली. म्हणजे एका माणसाच्या दानावर अवलंबून न राहता कायमचा झरा तयार केला. पुढे १८८३ मध्ये सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळचं प्राण्यांचं रुग्णालय निघालं. त्याला त्यांच्या पत्नीचं, साकरबाईंचं नाव आहे. आजही डोंबिवलीहून लोक आजारी मांजर बास्केटमध्ये घालून लोकलने परळला जातात, ते याच ‘बैलघोड्याच्या’ दवाखान्यात.

इथे मी खूश झाले होते. वाटलं, सापडलं! आपल्याकडे तर जवळपास दोनशे वर्षांची परंपरा आहे. मग लक्षात आलं, की मी काकूंच्या प्रश्नाचं उत्तर देतच नाहीये.

नीट बघा. पांजरपोळ हा ‘जनावरांसाठी’ आहे. काकूंना ‘मनी आणि गुंड्यासाठी’ तरतूद हवी आहे. एक जात, दुसरी व्यक्ती. आपल्या धर्मादाय परंपरेत पहिल्यासाठी भरपूर जागा आहे, दुसऱ्यासाठी जवळजवळ नाही. हा फरक हातात आला आणि तिथून पुढे माझं वाचन सुधारलं. तुमच्याही कामात असा क्षण येईल. ढीगभर साहित्य जमलेलं असेल आणि तेव्हाच कळेल की ते शेजारच्या प्रश्नाचं आहे. ते फेकू नका, पण ते आपलं उत्तर आहे असं स्वतःला फसवूही नका.

मांजर कागदात कधी येतं?

मग मी नुसती मांजरं शोधायला लागले. घराघरांत मांजर, गोष्टींत मांजर, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं ही समजूत आजीच्या तोंडी. पण सरकारी कागदात मांजर क्वचितच.

१८६० ची भारतीय दंडसंहिता घ्या. जनावराला मारणं किंवा जायबंदी करणं हा तिच्यात ‘आगळीक’ या प्रकारातला, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा. कलम ४२८ मध्ये दहा रुपये किंवा अधिक किमतीचं जनावर. कलम ४२९ मध्ये हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांची नावं आहेत, किंमत काहीही असो, आणि त्यापुढे पन्नास रुपये किंवा अधिक किमतीचं ‘इतर कोणतंही’ जनावर. नाव असलेल्यांच्या यादीत मांजर नाही. काकूंच्या गुंड्याला मानपाडा रोडच्या एका गटाराशेजारी उचललेलं. त्याची बाजारातली किंमत शून्य. या जुन्या कायद्यासमोर तो जवळजवळ नव्हताच. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ही रुपयांची अट गेली. १६४ वर्षं लागली.

दुसऱ्या जागी मांजर सापडलं ते प्लेगच्या काळात. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांजरं प्लेगला आळा घालतात असं मांडलं. ज्या गावांत घरटी मांजरं जास्त, तिथे उंदीर कमी आणि प्लेगही कमी, असं त्यांचं निरीक्षण. विज्ञान शाखेवाल्यांनो, इथे लगेच हात वर करा. मांजरांमुळे प्लेग कमी झाला, की ज्या गावांत मांजरं टिकतात तिथली घरं, धान्याच्या कणग्या, वस्तीच वेगळी होती? कोरिलेशन आणि कारण यांच्यातली दरी शंभर वर्षांपूर्वीही तेवढीच खोल होती. पण माझ्या विषयासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. मांजर सरकारी नजरेत आलं ते उपयोगाचं ठरल्यावर. कुणाचं तरी लाडकं म्हणून ते कागदात येत नाही.

तुमचा स्रोत कुठल्या शहराचा आहे?

आता मृत्युपत्रांकडे वळू. ‘जुनी मराठी मृत्युपत्रं चाळली तर कुणीतरी मांजराचा उल्लेख केलेला सापडेलच’ असा माझा भाबडा बेत होता. त्याआधी मृत्युपत्राचाच इतिहास वाचला, हे बरं झालं.

जुन्या हिंदू धर्मशास्त्रात आज आपण समजतो तसं मृत्युपत्र नव्हतं. वारसा ठरलेला असायचा. मृत्युपत्राला इंग्रजी न्यायालयांच्या काळात जोर आला. १८७० चा हिंदू विल्स ॲक्ट आला, पण तो सगळीकडे लागू नव्हता. बंगालचा काही भाग, आणि मद्रास व मुंबई ही शहरं, एवढाच त्याचा पल्ला. म्हणजे मुंबई शहरात हिंदूने केलेलं मृत्युपत्र लेखी आणि साक्षीदारांसमोर हवं, आणि मुंबईच्या हद्दीबाहेर ठाणे, कल्याण, डोंबिवलीत तोंडी मृत्युपत्रही चालू शकायचं. १९२५ चा भारतीय वारसा अधिनियम आला आणि १ जानेवारी १९२७ पासून हिंदूंची मृत्युपत्रं सगळीकडेच लेखी असणं आवश्यक झालं.

याचा अर्थ काय, ते पकडा. समजा, १९१० साली आपल्या भागातल्या एखाद्या म्हातारीने मरताना पुतण्याला सांगितलं, ‘‘माझ्या मांजरीला उपाशी ठेवू नकोस, त्यासाठी ही पाटली घे.’’ तिने तरतूद केली. पण ती हवेत विरली. त्याच वर्षी गिरगावातल्या शेठजीचा शब्द मात्र दप्तरात राहिला. मी दप्तरात मांजर शोधून ‘मराठी माणसांनी मांजरांसाठी तरतूद केली नाही’ असा निष्कर्ष काढला असता, तर तो मांजरांबद्दलचा नसताच. तो १८७० च्या कायद्याच्या हद्दीबद्दलचा ठरला असता. ‘पुरावा नाही’ असं लिहिण्याआधी, ‘पुरावा कुठे तयार होऊ शकत होता?’ हे विचारायचं. हे वाक्य तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझ्या वहीत ते उशिरा आलं.

परक्या कोर्टांतली मांजरं

इथल्या दप्तरात मांजर मिळेना, म्हणून मी बाहेर गेले. आपला विश्वस्तांचा कायदा इंग्रजी विचारावर बेतलेला आहे, तेव्हा तिथले निकाल बघणं साहजिक होतं. आणि तिथे मात्र प्राण्यांची रांगच लागली.

१८४२ च्या पेटिंगॉल खटल्यात एका माणसाने आपल्या लाडक्या काळ्या घोडीसाठी वर्षाला ५० पौंड ठेवले होते. कोर्टाने ते मान्य केलं. १८८९ मध्ये रे डीन खटल्यात घोडे आणि शिकारी कुत्र्यांसाठी वर्षाला ७५० पौंड, तेही पन्नास वर्षं जगले तर पन्नास वर्षं. तेही मान्य. १९३२ मध्ये आयर्लंडमध्ये कुत्र्यांच्या तरतुदीवर प्रश्न आला, की पैसे किती काळ अडकवून ठेवता येतात? कायदा ‘हयात व्यक्तींच्या आयुष्या’वरून ही मुदत मोजतो. न्यायाधीशांनी सांगितलं की इथे आयुष्य म्हणजे माणसाचं, जनावराचं नाही. आणि १९५२ च्या रे हेन्स खटल्यात खुद्द मांजरं आली. तिथे न्यायालयाने गृहीत धरलं की मांजराला १६ वर्षं म्हणजे दीर्घायुष्य, म्हणून २१ वर्षांची मर्यादा ओलांडण्याची भीती नाही. आजच्या घरगुती मांजराला हे कुणी सांगू नका, वीस गाठणारी मांजरंही असतात.

यांच्या शेजारी १९४९ चा रे मॉस ठेवा. तिथे पैसे एका बाईंना त्यांच्या कामासाठी ठेवले होते, आणि ते काम होतं गरजू मांजरांची आणि पिल्लांची देखभाल. कोर्टाने त्याला सार्वजनिक धर्मादाय मानलं. दिसला का पुन्हा तोच फरक? ‘मांजरं’ म्हटलं की धर्मादाय, ‘माझं मांजर’ म्हटलं की खाजगी सवलत.

आणि एक फार जुनी हकिकत. तेराव्या शतकातल्या बैबर्स या सुलतानाने कैरोत एक बाग मांजरांच्या पोटासाठी वक्फ करून ठेवली, असं एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ च्या पुस्तकात लिहिलंय. त्याच्या काळापर्यंत बाग कधीच विकली गेली होती, पण काझी रोज दुपारी मांजरांना खायला घालत होता. गोष्ट मला अतिशय आवडली. पण सुलतान आणि लेन यांच्यात साडेपाचशे वर्षांचं अंतर आहे. म्हणून मी वहीत ‘सुलतानाने बाग दिली’ असं न लिहिता ‘दिली अशी १८३६ मध्ये हकिकत होती’ असं लिहिलं. मांजरांना काझी खायला घालत होता, हे मात्र लेनच्या स्वतःच्या काळातलं. एकाच परिच्छेदात दोन प्रतींचे पुरावे असतात, ते वेगळे ठेवायला शिका.

आपला कायदा काय म्हणतो?

आता घरी परत. १८८२ च्या भारतीय विश्वस्त अधिनियमाचं कलम ९ सांगतं की मालमत्ता धारण करू शकणारी प्रत्येक व्यक्ती लाभार्थी होऊ शकते. मनी आणि गुंड्या मालमत्ता धारण करू शकत नाहीत. उलट कायद्याच्या नजरेत तेच मालमत्ता आहेत, चल मालमत्ता. म्हणजे काकू मांजरं कुणाला तरी देऊ शकतात, मांजरांना काही देऊ शकत नाहीत.

इथे तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, देवाची मूर्ती मालमत्ता धारण करते, मग मांजर का नाही? प्रश्न चांगला आहे. १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने डाकोरच्या देवस्थानाच्या खटल्यात हिंदू देवतेला कायदेशीर व्यक्ती म्हणून ओळखलं. २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने तर सगळ्या प्राणिसृष्टीला तसा दर्जा जाहीर केला. पण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जल्लीकट्टूबरोबर आपल्या बैलगाडा शर्यतींचा कायदाही वैध ठरवला, तेव्हा प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा दाखला आपल्यासमोर नाही असं म्हटलं. थोडक्यात, दार किलकिलं झालंय, पण त्यातून एफडीचा फॉर्म आत जाणार नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने अर्धी मालमत्ता कुत्र्याला दिल्याच्या बातम्या देशभर आल्या होत्या. तुम्हीही वाचल्या असतील. कलम ९ वाचल्यावर ती बातमी पुन्हा वाचा, आता वेगळी दिसेल.

मग मी म्हटलं, ठीक आहे, पैसे माणसाला द्यायचे आणि ‘मांजरांवर खर्च कर’ असं लिहायचं. इथेच सगळ्यात मोठा खड्डा निघाला. भारतीय वारसा अधिनियमाचं कलम १३८. एखाद्याला रक्कम पूर्ण मालकीने दिली आणि पुढे ‘ती अमुक प्रकारेच वापरावी’ असं लिहिलं, तर तो माणूस ती सूचना लिहिलीच नव्हती असं समजून पैसे घेऊ शकतो. म्हणजे काकूंनी ‘पाच लाख अमक्याला देते, त्यातून मनी-गुंड्याला सांभाळावं’ असं लिहिलं असतं, तर तो अमका पाच लाख घेऊन मांजरं गणेश मंदिराच्या मागे सोडून आला असता, आणि पैसे तरी परत कोण मागणार होतं?

माझं जिन्यातलं उत्तर किती चुकीचं होतं, ते इथे कळलं.

एक जवळचं उदाहरण

रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले. त्यांच्या मृत्युपत्रात पाळीव प्राण्यांसाठी १२ लाख रुपयांची तरतूद असल्याचं आणि ती दर तिमाहीला प्राण्यामागे ३० हजार या हिशेबाने देण्याचं २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत आलं. त्यांचा टिटो हा जर्मन शेफर्ड कुत्रा सांभाळायची जबाबदारी घरच्या जुन्या स्वयंपाक्याकडे दिल्याचंही त्याच बातम्यांत होतं.

यात मांजर नाही, पण रचना बघा. रक्कम एकदम द्यायची नाही, हप्त्याने द्यायची. सांभाळणारा माणूस नावानिशी ठरवायचा. तोही नात्यातला नव्हे, तर त्या जनावराला रोज खायला घालणारा. आणि आकडा आवाक्यातला. एका प्राण्याचे वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे व्याज न धरता १२ लाख दहा वर्षं पुरतात. सहा टक्के व्याज धरलं तर साधारण पंधरा वर्षं. इतक्या मोठ्या श्रीमंत माणसाची तरतूद कुत्र्याच्या आयुष्याएवढीच मोजून केलेली. परदेशातल्या अब्जाधीशांच्या मांजर-कुत्र्यांच्या बातम्यांपेक्षा मला हा हिशेब जास्त शिकवून गेला.

काकूंकडे परत

तीन आठवड्यांनी मी काकूंकडे गेले. आधी सांगितलं, ‘‘मी चुकीचं सांगितलं होतं.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मला वाटलंच, फार लवकर बोललीस.’’

मग आम्ही वही घेऊन बसलो. दोघांचा महिन्याचा खर्च साधारण ३ हजार. गुंड्या अठरापर्यंत जगला तर अजून १४ वर्षं. ३६ हजार गुणिले १४, म्हणजे ५ लाख ४ हजार. काकूंनी मनात धरलेले पाच लाख अंदाजपंचे नव्हते! मनी आधी जाईल तेव्हा खर्च कमी होईल, महागाईने वाढेल, व्याज त्याला थोडा टेकू देईल.

सांभाळणार कोण? काकूंच्या मनात बदलापूरचा भाचा होता. मी विचारलं, ‘‘तो शेवटचा कधी आला होता?’’ ‘‘दिवाळीला. मांजराची ॲलर्जी आहे म्हणतो.’’ आणि रोज कोण खायला घालतं? कामाला येणाऱ्या ताई, गेली नऊ वर्षं. काकूंनी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. ताई म्हणाल्या, ‘‘मी पैशांशिवायही नेईन हो. पण कागदावर लिहा. माझी सून विचारेल, यांचा खर्च कुणी करायचा, तेव्हा दाखवायला बरं.’’

मग काकू वकिलाकडे गेल्या. कारण मी शोधून आणलेलं वाचन आणि कायदेशीर सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्हीही हे विसरू नका. ठरलं ते असं : मांजरं ताईंना. रक्कम विश्वस्ताच्या हातात, विश्वस्त म्हणून काकूंची एक जुनी शिक्षिका मैत्रीण आणि तिच्यानंतर तिची मुलगी. ताईंना दर तिमाहीला ठरलेली रक्कम, मांजरं त्यांच्याकडे आहेत तोवर. लाभार्थी ताई, म्हणजे माणूस. दोघंही गेल्यावर उरेल ते प्राण्यांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला. बघा, ‘माझं मांजर’ जिथे संपतं तिथे ‘मांजरं’ सुरू होतात, आणि तिथे १८३४ ची परंपरा हात पुढे करते. मृत्युपत्र नोंदवणं सक्तीचं नाही, तरी काकूंनी ते कल्याणच्या दुय्यम निबंधकांकडे नोंदवायचं ठरवलंय. साक्षीदार दोन, आणि त्यात ताई नाहीत.

एक गोष्ट मात्र माझ्या सगळ्या वाचनात नव्हती. ती ताईंनीच काढली. ‘‘मृत्युपत्र मेल्यावर चालतं. बाई आत्ता दवाखान्यात जातायत, तेव्हा किल्ली कुणाकडे?’’

खरंच की! मृत्युपत्र माणूस हयात असताना लागू होत नाही. आणि माणूस गेल्यावरही ते उघडायला तेरावं उलटतं, मांजराला मात्र पहिल्याच संध्याकाळी भूक लागते. तेव्हा फ्रीजवर आता एक कागद लावलाय. त्यावर ताईंचा नंबर, मनीची किडनीची गोळी किती वाजता, डॉक्टर कोण, जादा किल्ली कुठल्या शेजाऱ्याकडे. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी दस्तऐवज तोच आहे, आणि तो कुठल्याही दप्तरात जाणार नाही. शंभर वर्षांनी कुणी डोंबिवलीतल्या मांजरांवर पीएचडी करायला बसलं, तर तिला काकूंचं मृत्युपत्र मिळेल, फ्रीजवरचा कागद मिळणार नाही. १९१० च्या त्या म्हातारीच्या पाटलीसारखाच.

जाता जाता तुम्हाला गृहपाठ. तुमच्या घरात किंवा सोसायटीत कुणीतरी सहज विचारलेला एक प्रश्न घ्या. तो चार तुकड्यांत फोडा. प्रत्येक तुकड्याचा पुरावा कुठे तयार झाला असता आणि कुठे होऊ शकलाच नसता, ते दोन रकान्यांत लिहा. उत्तर आलं नाही तरी चालेल. आणि रकाने भरून झाले की, ज्या माणसाचा रोजचा हात त्या कामाला लागतो, त्याला एकदा विचारून या. मी ते सगळ्यात शेवटी केलं. तुम्ही पहिल्या आठवड्यात करा.

काकूंचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. ताईंकडे किल्ली पोचली आहे.